पहिला थेंब पुसून टाका

ताई,

माझे वडील गेल्या महिन्यात गेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. १९३२ चा जन्म, ९३ वर्षांचं आयुष्य. साठच्या दशकात त्यांनी एका खोलीत, एक मायक्रोस्कोप आणि एक मदतनीस एवढ्यावर पॅथॉलॉजीची लॅब काढली. आता ती बरीच मोठी झाली आहे आणि दादा ती चालवतो. महिनाअखेरीस स्मृतिसभा आहे. तिथे मी चार मिनिटं बोलायचं आणि पुस्तिकेसाठी दोन पानं लिहायची, असं घरात ठरलंय.

दादाने यादी पाठवली आहे: पदव्या, कुठलं मशीन कधी आलं, शाखा, मानपत्रं. आई म्हणते, "मशीनचं कौतुक पुरे, घरातल्या माणसाबद्दल लिही." मला आठवतं ते भलतंच. नखांच्या कडेला राहिलेला जांभळा डाग. आम्हा तिघा भावंडांत कार्डबोर्ड कापून वाटताना, कात्री लावायच्या आधी "रेघेवरची कड कुणाची?" असं विचारणारे अण्णा. आणि आठवीत मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं तेव्हा रिकामी राहिलेली त्यांची खुर्ची. हे लिहायचं का? शेवटची सहा वर्षं त्यांना विस्मरणाचा आजार होता, मला ते ओळखत नसत. त्याचं काय करू? आई सुरुवातीला लॅबचे रिपोर्ट लिहायची असं कधीतरी कानावर आलंय, पण ती त्यावर बोलत नाही. पहिले मदतनीस, आमचे काका, अजून आहेत. चार वेळा लिहायला बसले, चारही वेळा पहिल्या परिच्छेदात अडकले.

ता. क. ओळखत नसले तरी अण्णा माझी अनामिका हातात घ्यायचे, तिचं टोक सदऱ्याने पुसायचे, हलकेच दाबायचे आणि माझ्याकडे बघायचे. सांगण्यासारखं नाही हे, पण मनातून जात नाही.

– धाकटी

*

धाकटीताई,

तुमचा लेख ताज्या कलमात आहे. "सांगण्यासारखं नाही" म्हणून जे शेवटी ढकललंत, तेच सगळ्यांत आधी सांगा.

ज्याने आयुष्यभर बोटातून रक्त घेतलं तो माणूस मुलीचं नाव विसरला, पण बोट विसरला नाही. अनामिका धरायची, टोक पुसायचं, किंचित दाबायचं, टोचताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, हा सगळा क्रम त्यांच्या हातात शिल्लक होता. ते तुम्हाला ओळखत नव्हते हे खरं असेल. पण त्यांच्यासमोर कुणीतरी बसलंय, त्याला टोचल्यावर दुखणार आहे आणि म्हणून त्याच्याकडे बघायला हवं, एवढं त्यांना कळत होतं. दादाच्या यादीत लॅब आहे, आईला घर हवंय, आणि तुमच्या त्या बोटापाशी दोन्ही एकत्र आहेत. तुम्हाला निवड करायचीच नाहीये.

बोटातून रक्त घेताना पहिला थेंब पुसून टाकतात आणि दुसरा घेतात. पहिल्यात पुसलेलं स्पिरिट असतं, आसपासच्या पेशींमधला द्रव मिसळलेला असतो, आकडा चुकतो. तुमच्या चार अपुऱ्या सुरुवाती म्हणजे तोच पहिला थेंब. त्यांत काय असेल ते मी न वाचता सांगते: "काळाच्या पडद्याआड", "अपरिमित हानी", "कर्मयोगी", "शून्यातून विश्व". पुसून टाका. यांतला एकही शब्द अण्णांच्या अंगावरचा नाही, कुणालाही चढवता येईल असा भाड्याचा पोशाख आहे. "हजारोंचे प्राण वाचवले" हेही नको. लॅबवाला प्राण वाचवत नाही, तो बरोबर आकडा देतो आणि पुढचं ज्याच्या त्याच्या हातात सोपवतो. तुमच्या वडिलांना हा फरक नेमका ठाऊक असणार. अशी माणसं या बाबतीत फार काटेकोर असतात.

आता काकांकडे चला. तुमच्याकडे असलेला सगळ्यांत मौल्यवान माणूस तो आहे आणि तुम्ही त्याला एका वाक्यात उरकलंत. त्यांना "अण्णा कसे होते?" असं विचारू नका. या प्रश्नाला "देवमाणूस" याशिवाय उत्तर येत नाही. त्याऐवजी विचारा, "काका, पांढऱ्या पेशींचा काउंट कसा करायचात?" आणि मग गप्प बसून ऐका.

काय ऐकायला मिळेल याचा थोडा अंदाज देते, म्हणजे मध्येच अडकणार नाही. काचेचा एक बारीक पिपेट, मध्ये फुगीर भाग आणि त्यात एक पांढरा मणी. (लाल मणी असलेला पिपेट तांबड्या पेशींसाठी.) रक्त तोंडाने ओढायचं, ०.५ च्या खुणेपर्यंत. हो, तोंडाने. रबरी नळी लावून, पण तोंडानेच. मग ११ च्या खुणेपर्यंत दुसरा द्रव, ज्यातल्या ॲसिटिक ॲसिडने तांबड्या पेशी फुटून जातात. झालं एकास वीस. पिपेट हलवायचा, पहिले काही थेंब फेकून द्यायचे (इथेही पहिले थेंब फेकायचेच), मग आखलेल्या काचेवर, म्हणजे न्यूबावर चेंबरवर, एक थेंब सोडायचा. मायक्रोस्कोपखाली चार कोपऱ्यांतले चार मोठे चौकोन, प्रत्येक १ मिलिमीटर बाजूचा. त्यांतल्या पेशी एकेक करून मोजायच्या. जी बेरीज येईल तिला ५० ने गुणायचं. १४० मोजल्या तर ७,०००. हा एका माणसाचा एक आकडा. असे दिवसात किती, ते काकांनाच विचारा.

या मोजणीत एक नियम असतो. चौकोनाच्या रेघेवर बसलेल्या पेशींचं काय करायचं? दोन लगतच्या बाजूंवरच्या, समजा वरच्या आणि डावीकडच्या, धरायच्या. उरलेल्या दोन बाजूंवरच्या सोडायच्या. मग कुठलीही पेशी दोनदा मोजली जात नाही आणि कुठलीही सुटत नाही.

"रेघेवरची कड कुणाची?"

तुमच्या पत्रात हे वाक्य वाचलं आणि मी चष्मा काढून बसले. तुम्हाला वाटतं तुम्ही घरातली एक गंमत सांगितलीत. अहो, ते मोजणीचा नियम तीन पोरांना कार्डबोर्डवर शिकवत होते, किंवा दिवसभर तेच केल्यामुळे त्यांना वाटणी दुसऱ्या पद्धतीने येतच नव्हती. यांतलं कुठलं खरं हे ठरवायची गरज नाही. दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी लिहा: आधी चेंबरवरची रेघ, मग कार्डबोर्डवरची. मध्ये "यावरून दिसून येते की" असलं काही घालू नका. वाचणाऱ्याला दिसतं.

नखांच्या डागाचंही तसंच. स्लाइड रंगवायच्या लिशमन स्टेनचा तो असेल, नाहीतर जिम्साचा. काका लगेच सांगतील. काचेवर रक्ताची पातळ फिल्म ओढायची, वाळवायची, स्टेन घालायचा, घड्याळ बघायचं, बफरचं पाणी घालायचं, पुन्हा घड्याळ बघायचं. लवकर धुतलं तर रंग फिका, उशिरा धुतलं तर सगळं निळं. ईएसआरची, म्हणजे तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात ते बघायची नळी तर तासभर उभीच राहते. २०० मिलिमीटरपर्यंत खुणा असलेली वेस्टरग्रेन नळी, थोडी कललेली राहिली तरी आकडा वाढतो. अशा कामातला माणूस घरी आल्यावर कसा वागतो? घाई करत नाही की अजिबात दम धरत नाही? दोन्ही प्रकारची माणसं मी पाहिली आहेत. अण्णा कुठले ते तुम्ही सांगायचं.

आता दादाची यादी. ती फेकू नका, दादा दुखावेल आणि त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर चौकट करा आणि यादी जशीच्या तशी तिथे छापा. पण यादीतलं एकच मशीन उचला आणि ते तुमच्या दोन पानांत आणा: पेशी मोजणारं. वॉलेस कोल्टर यांना त्याचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं. एका बारीक भोकातून पेशी एकेक करून जातात, प्रत्येक वेळी विजेचा प्रवाह किंचित अडतो आणि मशीन तो अडथळा मोजतं. अण्णांच्या लॅबमध्ये ते पुष्कळ उशिरा आलं असेल. ज्या माणसाने वर्षानुवर्षं डोळे बारीक करून चार कोपरे मोजले, त्याच्या टेबलावर ते यंत्र आलं त्या दिवशी त्याने काय केलं? विश्वास ठेवला? की तोच नमुना स्वतः मोजून मशीनशी ताडून बघितला? किती दिवस ताडला? यादीत फक्त साल असेल, बाकीचं काका सांगतील.

९३ वर्षांचं आयुष्य लिहिताना असा एखादा धागा फार कामाला येतो, नाहीतर "त्यांनी अनेक स्थित्यंतरे पाहिली" हे वाक्य लिहून आपण मोकळे होतो. स्थित्यंतरं म्हणजे काय ते बघा. अण्णा जन्मले तेव्हा रक्ताचे ए, बी, ओ गट माहीत होते (लँडस्टायनर यांचं ते काम १९०१ चं), पण पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आरएच घटकाचा शोध १९४० चा, तेव्हा अण्णा आठ वर्षांचे. त्यांच्या लहानपणी गरोदरपणाची तपासणी म्हणजे बाईची लघवी बेडकीच्या अंगात टोचायची आणि ती अंडी घालते का याची वाट बघायची. आता ती पट्टी घरातल्या कपाटात असते. पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची युक्ती कॅरी म्युलिस यांना सुचली १९८३ मध्ये, तेव्हा अण्णा पन्नाशी ओलांडून गेलेले. ज्या वयात लोक नवीन फोन वापरायला कुरकुरतात त्या वयात त्यांना आपला अख्खा धंदा पुन्हा शिकावा लागला. हे दोन-तीन ओळींत येऊ द्या, जास्त नको. तुम्ही लॅबचा इतिहास लिहीत नाही आहात.

एक मात्र बजावून सांगते. "या भागातली पहिली लॅब", "हे मशीन आणणारे पहिले" अशी विधानं यादीत असतील, तर पुरावा असल्याखेरीज त्यांतलं "पहिले" खोडा. सालं दोन ठिकाणी तपासा. माझ्या काकांवर मी एकदा लिहिलं होतं आणि त्यांच्या नोकरीचं साल दोन वर्षांनी चुकवलं. त्याने जगाचं काही बिघडलं नाही, पण काकू अजूनही भेटल्या की ते ऐकवतात, आणि बाकीच्या लेखातलं त्यांना एक अक्षर आठवत नाही. शिवाय अण्णांसारख्या माणसावरच्या लेखात न तपासलेला आकडा गेला तर तुमचे काका पुस्तिका हातात घेऊन पेन्सिल शोधतील.

तसंच पेशंटच्या गोष्टी. काकांकडे त्या ढीगभर असतील आणि त्यांतल्या काही इतक्या सुंदर असतील की मोह होईल. नाव, गाव, धंदा, वर्ष, ओळख पटेल असं काहीही छापू नका, मग ती गोष्ट कितीही चांगली असो. अण्णांनी जे काउंटरबाहेर जाऊ दिलं नाही, ते त्यांच्याच पुस्तिकेतून बाहेर जायला नको.

आता खुर्ची.

लिहायचं का, असं विचारलंत. त्याआधी एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा: खुर्ची एकदाच रिकामी होती, की नेहमीच? हे फार वेगळं आहे आणि लॅबच्या माणसाच्या मुलीला ते समजावून सांगायला नको. रिपोर्टवर शेजारी जी मर्यादा छापलेली असते, ती निरोगी माणसांपैकी साधारण ९५ टक्के तीत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे ठणठणीत अशा वीस जणांतला एखादा बाहेर पडतोच. एका आकड्यावरून निदान करत नाहीत, पुन्हा नमुना घेतात. तुमच्या आठवणीत आठवीचं बक्षीस आहे. पाचवीचं स्नेहसंमेलन? दहावीचा निकाल? दादाच्या सामन्यांना ते होते का?

एकदाच घडलं असेल तर तो प्रसंग आहे. चार ओळींत, आरोप न करता, खुर्ची कुठल्या रांगेत होती ते सांगून लिहा. नेहमीच घडत असेल तर तो त्यांचा स्वभाव आहे आणि मग तो वगळून लिहिलेलं पान खोटं होईल. "लॅबने आमच्याकडून त्यांच्या संध्याकाळी घेतल्या" असं एक सरळ वाक्य पुरे. त्यापुढे "पण आज कळतं की..." असली मलमपट्टी लावू नका. खरंच कळलं असेल तर गोष्ट वेगळी. त्या संध्याकाळी लॅबमध्ये काय चालू होतं हे काकांना आठवत असेल तर विचारा. तातडीने रक्त जुळवून द्यायचं असेल, नाहीतर काहीच नसेल आणि ते नुसतेच विसरले असतील. कारण सापडलं तर लिहा. सापडलं नाही तर त्यांच्या वतीने सबब तयार करू नका. बापासाठी सबबी तयार करायची सवय मुलींना फार असते. मीही त्यातलीच.

आणि भीती अशी की आई काय म्हणेल, दादा काय म्हणेल. छापायच्या आधी ती चार वाक्यं दोघांना वाचून दाखवा. परवानगीसाठी नव्हे, सभेत त्यांना ती पहिल्यांदा ऐकावी लागू नयेत म्हणून.

सहा वर्षांच्या आजाराचं फारसं काही करायचं नाही. आपण नेहमी शेवटचंच जास्त लिहितो, कारण ते ताजं असतं: औषधं, रात्री, डॉक्टर काय म्हणाले. त्र्याण्णव वर्षांतली सहा आहेत ती. बोटाची गोष्ट आली की ती सहा वर्षं आली, त्यात वेगळी भर नको.

सगळ्यांत मोठं काम मी मुद्दाम मागे ठेवलं आहे, कारण ते तुम्हाला अवघड जाईल. आई.

एक खोली, एक मायक्रोस्कोप, एक मदतनीस. हे तुम्ही लिहिलंत, आणि मग सहज म्हणालात की आई रिपोर्ट लिहायची असं कानावर आलंय. मग त्या खोलीत माणसं किती होती? अशा एकहाती म्हणवल्या जाणाऱ्या लॅबमध्ये वापरलेले पिपेट आणि स्लाइड कुणीतरी धुवावे लागतात, काचेच्या सिरिंज उकळाव्या लागतात, रजिस्टरवरून रिपोर्ट उतरवून काढावे लागतात, संध्याकाळी हिशेब लागतो. हे सगळं कुणीतरी करत होतं, आणि दुपारी तीन पोरांना जेवायलाही घालत होतं. "मशीनचं कौतुक पुरे" असं ज्या बाईने म्हटलं, तिचा आवाज मला जरा ओळखीचा वाटतो. मशीन यायच्या आधी जे हातांनी चालायचं त्याचं कौतुक कधी झालं नाही, असं तर ती म्हणत नाहीये?

त्या बोलत नाहीत, असं लिहिलंत. कदाचित प्रश्न मोठा पडत असेल. "तुम्हा दोघांचं आयुष्य कसं होतं?" याला कुणी काय उत्तर द्यावं? छोटं विचारा. रिपोर्ट कुठल्या शाईने लिहायचीस? चुकलं तर कागद फाडायचीस की खोडायचीस? अण्णा सही करायच्या आधी पुन्हा वाचायचे का? तुझं अक्षर वाचून कुणी काही म्हणालं होतं का? हे विचारताना समोर वही धरू नका. काहीतरी निवडत, घड्या घालत बसा. एखादा जुना रिपोर्ट घरात सापडला तर तो नुसता त्यांच्या हातात द्या. (छापताना त्यावरचं पेशंटचं नाव झाका, पुन्हा सांगते.)

चार मिनिटांच्या भाषणाचं सोपं आहे. साधारण चारशे शब्द, त्याहून जास्त बसत नाहीत. बोट, काउंट, कार्डबोर्डची रेघ आणि आई. खुर्ची पुस्तिकेत राहू द्या. ती वाचायची गोष्ट आहे, माइकवरून ऐकताना तिचा तक्रारीसारखा सूर लागतो. आधी दोनदा मोठ्याने वाचा. ज्या वाक्यावर दोन्ही वेळा आवाज फुटेल ते वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि त्याआधी पाणी प्या. फुटलाच तर फुटू द्या, थांबा, लोक थांबतात.

काकांना आजच फोन करा. महिनाअखेर आली असं म्हणेपर्यंत ती येते, आणि त्यांचंही वय झालेलं असणार. आणि आईचं शाईचं उत्तर मिळालं की दादाला कळवा, तुझ्या यादीत पहिल्या नोंदीशेजारी एक नाव राहून गेलंय.

– ताई